टास्क मॅनेजरमधले अनोळखी

पुढचं सगळं खरं आहे. माझ्या कॉम्प्युटरची शपथ. म्हणजे तो तेव्हा माझा होता, आता माळ्यावर आहे. आणि एका ठिकाणी मी थोडा हात फिरवलाय, पण तेवढं सोडलं तर खरंच सगळं खरं आहे.

किस्से कोणी जमवत नाही. कॉम्प्युटरमधल्या न बोलावलेल्या प्रोग्रामांसारखे ते मागच्या मागे चालूच असतात. एक दिवस यादी उघडावी, तर ही गर्दी!

आमचं टोळकं तिघांचं. मी, बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेले शेजारचे देवीदासभाऊ तायडे, आणि त्यांची पोरगी प्राची. ती अकोल्याला कॉम्प्युटर शिकून अमरावतीला परत आली होती आणि नोकरी शोधत होती. तिचा लॅपटॉप बंद पडलेला, त्यामुळे ऑनलाइन मुलाखती माझ्या कॉम्प्युटरवर. दोन हातच्या गेल्या होत्या. तिसरी येऊ घातली होती, म्हणून माझं मशीन धड चालणं ही दोन्ही घरांची काळजी झाली होती.

*

या काळजीपोटीच मी एकदा टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी, उघडला. बापरे, केवढी यादी! निम्मी नावं अनोळखी. म्हटलं, ज्याला आपण ओळखत नाही तो आपल्या घरात काहून? एकेकाला बंद करत सुटलो. चौथ्याच्या वेळी स्क्रीनवरची सगळी चित्रं गेली, खालची पट्टी गेली, उरला नुसता काळोख.

शेजारी जाऊन सांगितलं, "भाऊ, कॉम्प्युटर गेला."

देवीदासभाऊंनी पेपर खाली ठेवला. "केव्हा? काल तं बरा होता."

प्राचीनं येऊन कुठली तरी दोन-तीन बटणं दाबली, एक शब्द टाइप केला, आणि सगळं जागच्या जागी आलं. मग म्हणाली, "काका, तुमाले खिडकी लावाची होती. तुमी भिंतच काढली."

"मले काय मालूम कोनता कोन हाय ते?"

"अनोळखी माणूस दारात आला तं आपण काय विचारतो?"

"कोन गावचा," देवीदासभाऊ म्हणाले.

"मंग इथंही तेच. नावावर राईट क्लिक करा, तो कोणत्या फोल्डरातून आला ते पाहा. विंडोजच्या घरचा असला तं हात लावू नका. डाउनलोडमधून आला असला तं चौकशी करा."

ज्या यादीपुढे मी हात टेकले होते, तिचं गणित या पोरीनं चहा निवायच्या आत सोडवलं.

*

देवीदासभाऊंनी माझ्या मशीनच्या रक्षणासाठी दोन अँटिव्हायरस टाकले. एक ड्युटीवर, एक रिलीफला. रेल्वेचा माणूस दुसरं काय करणार? त्यानंतर माउस हलवून चहा प्यायला जावं, येईपर्यंत बाण पोचलेला असायचा.

प्राचीनं यादी पाहिली. "बाबा, हे दोघं चोर सोडून एकमेकाचीच झडती घेऊन राहिले."

*

मे महिना. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला. मी डेझर्ट कूलर त्याच्याकडे वळवला. देवीदासभाऊ कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होते. घरची माणसं घामानं भिजली, मशीन मात्र गारव्यात.

प्राची घाम पुसत आली. "काका, त्याले गरम नाही होऊन राहिलं. तुमी काल हजार फोटो टाकले, तो त्याची यादी करून राहिला. करू द्या. होईन आपोआप शांत."

झालाही. कूलर मात्र संध्याकाळपर्यंत तिकडेच राहिला. म्हटलं, बिचाऱ्यानं काम केलं.

*

आता तिसरी मुलाखत. सकाळी अकरा वाजता प्राची कॅमेऱ्यासमोर बसली. दाराआड मी आणि देवीदासभाऊ, श्वास रोखून. दहा मिनिटं छान गेली. मग पलीकडच्या साहेबांचा कॉम्प्युटर अडकला. आवाज तुटायला लागला.

प्राची शांतपणे म्हणाली, "सर, टास्क मॅनेजर उघडा. सगळ्यात जास्त कोण खातंय?"

"काहीतरी विचित्र नाव आहे. बंद करतो."

"लगेच नको, सर. आधी कुठून आलाय ते पाहा."

साहेबांनी पाहिलं. डाउनलोडमधून आलेला, दर मिनिटाला नवा निसर्ग दाखवणारा वॉलपेपरचा प्रोग्राम.

"आता बंद करा. आणि स्टार्टअपमधूनही काढा, नाहीतर उद्या परत हजर."

आवाज मोकळा झाला. आठ दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. देवीदासभाऊंनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

हात फिरवला तो इथेच. अडकलेला कॉम्प्युटर साहेबांचा नव्हता, माझा होता. प्राचीनं स्क्रीन त्यांना दाखवली आणि एकेक पायरी सांगत स्वतःच तो मोकळा केला. वॉलपेपर मी आदल्या दिवशी टाकला होता, पोरीला बसल्यावर जरा प्रसन्न वाटावं म्हणून.

साहेबांनी विचारलंही, "हे कोणी टाकलं?"

देवीदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"घरातल्याच कोणीतरी, सर," प्राची म्हणाली. "माझ्यासाठी टाकलं असेल."