शेजारच्या सीटवर चोपन्न किलो तांदूळ

मंडळी, आज दुपारी गॅरेजमध्ये घडलेलं या ईमेल लिस्टवरच लिहितोय. नॉटिंगहॅममध्ये मराठीत ऐकून घेणारं आता माझं कोणी नाही.

माझ्या जुन्या अमेरिकन मसल कारचं पुढचं सस्पेन्शन मी घरीच सुधारतोय. चाकाला धरून ठेवणारे वरचे आर्म इंचभर खाली बसवले, म्हणजे वळणावर टायर रस्ता नीट धरतो. मग चाकांचा कल मोजायचा. पण माणूस बसला की गाडी दबते, म्हणून आधी सीटवर तेवढं वजन ठेवावं लागतं.

ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाइतके तांदूळ ठेवले. शेजारच्या सीटवर मोजून चोपन्न किलो. कल जुळवला, नट आवळले, खूश झालो.

शेजारचा डेरेक चहाचा मग घेऊन डोकावला. "हू इज कमिंग विथ यू?"

तेव्हा कुठे लक्षात आलं. माझी बायको सुधा, तिला जाऊन दीड वर्ष झालं. चोपन्न किलो हे तिचं आजारपणाआधीचं वजन.

"नोबडी," मी म्हटलं.

खरं तर ते तांदूळ उतरवून सगळं पुन्हा मोजायला हवं. तुम्ही मोजलं असतं का?

मी नट तसेच ठेवलेत. एकटा चालवताना गाडी जरा एका बाजूला ओढेल. ओढू दे.