बाहेरून माणूस काहून आणायचा?

नमुन्याची पँट तिसऱ्यांदा परत आली तेव्हा शेठजींनी ती माझ्याच टेबलावर आणून ठेवली. "दीदी, अब बताइए," एवढंच म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

जबलपुरात ओमतीच्या मागच्या गल्लीत आमचा तयार कपड्यांचा कारखाना आहे. खाली कटिंग, वर शिलाई. तिथलं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळते. ऑफिस म्हणजे पत्रं, हजेरी, फोन, आणि कुणाचं कुणाशी बिनसलं तर तेही. आमचं नाव सलवार-सूटमध्ये. पण शेठजींना परदेशातल्या दवाखान्यांसाठी नर्सेसचे गणवेश शिवायची हौस लागली होती. काम मिळत होतं, पँट बसत नव्हती. मधल्या मापात छान बसायची, मोठ्या मापात मागून ओढायची. एका मापाच्या कागदी फर्म्यावरून बाकीची सगळी मापं बिनचूक काढणं हे वेगळंच कसब. ते आमच्याकडे कुणालाच येत नव्हतं.

मास्टरजींनाही नाही. आमचे कटिंग मास्टर मूळचे कामठीचे, साठीला टेकलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. जबलपूरला आल्यापासून याच टेबलावर उभे. कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारे ते एकटेच. कपडा नुसता चिमटीत धरून तो किती आटेल हे ते सांगत.

जाहिरात दिली. इंदूरहून एकजण आला, आमची जागा पाहून चहा पिऊन गेला, तो परतलाच नाही. शेवटी एका व्यापाऱ्याने श्रीलंकेतल्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्यांचा सगळा जन्म याच कामात गेला होता. त्यांच्या व्हिसासाठी एक पत्र लागणार होतं, हा माणूस बाहेरूनच का हवा त्याची कारणं देणारं. माझं इंग्रजी बरं, म्हणून ते माझ्याकडे आलं.

पहिलंच वाक्य लिहिलं, हे कसब असलेला कारागीर आम्हाला शोधूनही मिळाला नाही, आणि हात थांबला. खालून मास्टरजींच्या कात्रीचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पत्र कसंबसं पुरं झालं तेव्हा, मास्टरजी वर आले. "काय लिहून राहिली, बेटा? दोन दिवसांपासून पाहतो."

खोटं बोलवेना. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. ते उभ्यानेच ऐकत होते. मग स्टूल ओढून बसले.

"खरं लिहिलं," ते म्हणाले. "खरं आहे म्हणूनच लागलं."

"मास्टरजी, हे तुमच्याविरुद्ध नाही."

"मला समजते. पण यात एक गोष्ट नाही. बाहेरून माणूस काहून आणायचा? पँट तर ती कापून देईल. ती गेल्यावर काय? लिही, की दोन वर्षांत ती इथल्या लोकांना शिकवून जाईल. नाही शिकवलं तर आणून काय फायदा?"

पत्रात तेच सगळ्यात वजनदार वाक्य ठरलं. शेठजींनी ते दोनदा वाचलं आणि मला शाबासकी दिली. वाक्य कुणाचं ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी ते तिसऱ्यांदा वाचलं.

बाई आल्या त्या दिवशी जबलपुरात चांगलीच थंडी होती. बुटक्या, पन्नाशीच्या, दोन स्वेटर एकावर एक, हातात कापडात गुंडाळलेली स्वतःची कात्री. राहायची सोय माझ्या घराच्या वरच्या खोलीत केली होती. हिंदीचे पाच-सहा शब्द आणि मोडकं इंग्रजी एवढ्यावर आमचं चालायचं.

तिसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. मी जिन्यावरून खाली येत होते. सगळ्यांसमोर त्यांनी मोठ्या मायेने हाक मारली, "नंगी! नंगी, इधर आओ!"

वरची सगळी मशीनं थांबली. मास्टरजी कान लाल करून थेट गल्लीत निघून गेले. माझा चेहरा पाहून बाई घाबरल्या. त्यांनी फोन काढून स्वतःच्या धाकट्या बहिणीचा फोटो दाखवला. बहिणीकडे बोट, मग माझ्याकडे बोट, "नंगी, नंगी." त्यांच्या भाषेत नंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते मी कानात सांगितलं, तर त्यांनी पदराने तोंडच झाकून घेतलं. आतून हसून हसून खांदे हलत होते.

"आणि मोठी बहीण?" मी विचारलं.

"अक्का."

मी म्हटलं, आमच्यातही अक्काच. त्या दिवसापासून त्या सगळ्या कारखान्याच्या अक्का झाल्या. मला त्या 'ताई' म्हणू लागल्या.

मास्टरजी मात्र त्यांच्याकडे पाठ करूनच काम करत. नमस्कार चुकवत नसत, पण त्यापुढे शब्द नाही. अक्कांनी आमची पँट उसवली, बैठकीची गोलाई कागदावर नव्याने आखली, सगळ्या मापांचे फर्मे काढले. आठवडाभर मन लावून काम केलं. मग नमुन्यांचा पहिला लॉट कापला, शिवला, धुतला. धुतल्यावर प्रत्येक पँट घोट्याच्या वर गेली.

अक्का टेबलाशी बसून राहिल्या. जेवल्या नाहीत. तिकडे त्या ज्या कापडावर काम करत ते आधीच आटवलेलं यायचं. आम्ही बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेलं सुती कापड कोरं होतं.

दुपारी मास्टरजी वर आले. दार लोटून घेतलं. "बेटा, मला दिसलं होतं."

"काय?"

"कापड हातात घेतलं तेव्हाच. हे आटणार, माहीत होतं. बोललो नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटलं, होऊ दे. पाहू दे शेठला, बाहेरचा माणूस काय करून राहिला."

मला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. एवढं सांगणं त्यांना किती जड गेलं असेल ते दिसत होतं. मी म्हटलं, "हे मला नका सांगू. त्यांना सांगा."

"कोणत्या भाषेत?"

"चला, मी येते."

पण माझी गरज पडली नाही. मास्टरजींनी दोन हात कापड कापलं, टेबलावर अंथरून कडेने खडूची रेघ मारली, बादलीत बुडवून काढलं, पिळलं आणि इस्त्रीने वाळवलं. मग पुन्हा रेघेवर ठेवलं. चार बोटं कमी. त्यांनी ती चार बोटं अक्कांना दाखवली, मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट नेलं, मग ओठांवर ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. मी पाहिलं होतं, बोललो नाही, चुकलं.

अक्कांनी ते आटलेलं कापड उचलून स्वतःच्या चिमटीत धरून पाहिलं. "मास्टर," त्या हिंदीत म्हणाल्या, "कल से, पहले बोलना."

"जी," मास्टरजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दोघांचं टेबल एक झालं. कापड मास्टरजी बघत, फर्मा अक्का काढत. रोज दुपारी तासभर शिकवणी चालायची. मास्टरजी आणि सिहोऱ्याहून बसने येणारी आमची एक शिवणकाम करणारी, दोघं पुढ्यात कागद घेऊन बसत. अक्का रागावल्या की त्यांच्याच भाषेत रागावत. मास्टरजी मला म्हणत, "काय म्हणते समजत नाही, पण बरोबरच म्हणून राहिली." नमुना त्याच उन्हाळ्यात पास झाला. शेठजींनी सगळ्यांना खोव्याची जिलेबी दिली. अक्कांनी चार खाल्ल्या.

दोन वर्षं पुरी झाली तेव्हा शेठजींनी मुदत वाढवायचं विचारलं. अक्कांच्या मुलीला दिवस गेले होते, त्यांना घरी जायचं होतं. नवं पत्र लिहायची तयारी मी ठेवली होती, पण कारागीर मिळत नाही हे त्यात लिहिणं आता खरं ठरलं नसतं. तोपर्यंत मास्टरजी सगळी मापं स्वतः काढत होते, आणि सिहोऱ्याची ती त्यांच्याहून भरभर.

विमानतळावर जायला निघताना अक्कांनी माझे दोन्ही हात धरले. "येते, ताई," त्या म्हणाल्या. हिंदीऐवजी त्या आमची मराठीच शिकल्या होत्या, मास्टरजींचं आणि माझं बोलणं ऐकून.

वरची खोली मी पुढे कुणाला दिली नाही. मास्टरजी आता नवीन मुलींना शिकवतात आणि रागावण्यात अक्कांच्या वरताण झालेत. एखादी रेघ चुकली की टेबलावर पट्टी आपटून म्हणतात, "पहिले बोलायचं! समजत नसेल तर पहिले बोलायचं." मुली मान डोलावतात आणि कागद पुन्हा आखायला घेतात.