आत वळवलेली झालर

तंबूची ती झालर माझी होती. हे मी आजही भांडून सांगायला तयार आहे, फक्त आता भांडताना आवाज थोडा कमी लागतो. का, ते सांगतो.

हडपसरला रस्त्याच्या कडेला माझं ताडपत्रीचं दुकान. सुरुवात रिक्षाचे हूड शिवण्यापासून केली. मशीन भाड्याचं होतं आणि सावली शेजारच्या दुकानाची. पुढे ट्रकच्या ताडपत्र्या आल्या, मांडवाचे पडदे आले, आणि एक दिवस सदाशिव पेठेतल्या एका गिर्यारोहण मंडळाचे तंबू आले. मंडळाचे प्रमुख कॉलेजात शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी तंबूचं चित्र वहीच्या पानावर काढून आणलं होतं. मी पान हातात घेतलं तोच त्यांनी विचारलं, "शिलाई सरळ येते ना तुमची?"

"चित्र सरळ असलं तर येते," मी म्हणालो.

आमचं दोघांचं जे काही जमलं, ते याच चालीवर.

मंडळाचं दर वर्षी दिवाळीनंतर डोंगरावर चार दिवसांचं शिबिर असे. वनखात्याचं राखीव जंगल, कारवीतून वर जाणारी वाट, वर मोकळं पठार आणि पाण्याचं एक टाकं. परवानगीचा कागद सर आणत. पहिल्या वर्षी माझे तंबू तिथे उडाले. पठारावर वीतभर मातीखाली कातळ, खुंटी ठोकायला जागाच नाही. परत आल्यावर सरांनी तंबू माझ्या दुकानात आणून टाकले.

"तुमचे तंबू उडाले."

"तुमच्या चित्रात वारा नव्हता."

पण रात्रभर डोक्यात तेच राहिलं. सकाळी मी तंबूच्या खालच्या कडेला चारही बाजूंनी हातभर रुंद पट्टी जोडली आणि ती बाहेर न पसरता आत वळवली. तिच्यावर आतून दगड ठेवायचे, पाठपिशव्या ठेवायच्या, वर अंथरूण घालायचं. माणसं आत झोपली की त्यांच्याच वजनाने तंबू जागेवर राहतो. खालून वारा येत नाही, विंचू येत नाही. पुढच्या शिबिरात एकही तंबू हलला नाही. सर दुकानात आले तेव्हा म्हणाले, "ठीक झालं." पुण्यात याला कौतुक म्हणतात, हे मला ठाऊक होतं.

दोन वर्षांनी त्यांनी मला शिबिराला बोलावलं. तंबू जुने झाले होते, जागेवर टाके घालायला कुणीतरी हवं होतं. "चला तुम्हीही. हवा चांगली असते," सर म्हणाले. मी दाभण आणि मेणदोरा घेऊन निघालो. स्वारगेटवरून एसटी, मग तीन तासांची चढण. ओझं वाटताना मी घासाघीस केलीच. दोन तंबू घेतो, पण मोठं पातेलं माझ्या पाठीवर नको. सरांनी पातेलं स्वतः घेतलं. हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

वर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मी एका दगडावर बसून फाटलेली कड शिवत होतो. दहा पावलांवर सर नव्या मुलामुलींना तंबू कसा उभारायचा ते दाखवत होते. झालर आत वळवून ते म्हणाले, "ही आपल्या मंडळाची खासियत. बाजारात कुठे मिळणार नाही. पहिल्या वर्षी तंबू उडाले, तेव्हा आम्ही विचार करून ही युक्ती काढली."

एका मुलीने विचारलं, "आम्ही म्हणजे कोण, सर?"

"आता माझीच म्हणा ना," सर हसून म्हणाले.

मी उठलो, सरांच्या स्वतःच्या तंबूत शिरलो आणि आतले दगड एकेक करून बाहेर फेकले. वारा होताच. तंबू फुगला, एका अंगावर कलंडला आणि सरांच्या अंथरुणावर बसला. मग मी दुसऱ्या तंबूकडे वळलो.

"अहो, हे काय चाललंय?" सर धावत आले.

"माझी झालर मी काढून नेतोय. तुमची युक्ती तेवढी ठेवा."

"एवढ्याशा पट्टीवरून?"

"एवढीशी आहे तर देऊन टाका की. संध्याकाळी सगळे गोल बसतात ना ओळख करून द्यायला? तिथे सांगा, कुणाची ते."

सरांनी कलंडलेल्या तंबूची कड उचलून धरली. मग म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापू."

"आज."

"आज सांगतो, की तंबू तुम्ही शिवले."

"शिवणारे हडपसरला पन्नास मिळतील. युक्ती कुणाची ते सांगा."

"'मंडळाचे हितचिंतक' म्हटलं तर?"

"मी तुमचं हित कधी चिंतलं?"

यावर जवळ उभ्या असलेल्या एक बाई मोठ्याने हसल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, साठी ओलांडलेल्या, मंडळात सगळ्यांत वयस्कर. आधीच्या शिबिरांतही त्या माझ्याच तंबूत झोपल्या होत्या. "अहो सर, देऊन टाका त्यांना हवं ते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही, माझा तंबू तेवढा सोडा. मला पाठ टेकायची आहे."

मी त्यांचा तंबू सोडला. बाहेर फेकलेले दगड सर आणि मी मिळून पुन्हा आत ठेवले.

अंधार पडायच्या आधी सगळे गोल बसले. प्रत्येकाने नाव, गाव, पहिला डोंगर कोणता ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा सर उभे राहिले. शब्द त्यांनी अजिबात कापले नाहीत. "तंबूच्या झालरीची युक्ती ही यांची. दुपारी मी मुलांना चुकीचं सांगितलं." टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले. एवढं मिळेल असं मला वाटलंच नव्हतं. मी निम्म्यावर तुटेल या हिशोबाने मागितलं होतं.

मग सर म्हणाले, "आता तुम्हीच सांगा यांना. सुचलं कसं?"

वीस चेहरे माझ्याकडे वळले.

"शिवता शिवता सुचलं," मी म्हणालो आणि खाली बसलो.

सकाळी बाईंच्या तंबूची एक शिवण उसवली होती, ती मी टाचत होतो. बाई अंथरूण गुंडाळत होत्या. झालर हातात घेऊन म्हणाल्या, "मी मांजरी गावच्या शाळेत होते पुष्कळ वर्षं. ऊसतोडीवाल्यांची पोरं हजेरीला नसली की त्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, जायचे बोलवायला. तिथल्या बाया कोपीवरचा ताडपत्रीचा कागद असाच आत दुमडायच्या. वर बाजरीची पोती ठेवायच्या. तुम्ही पाहिलं असेल."

पाहिलं होतं. तंबू उडाले त्याच्या आदल्या हंगामात मांजरीच्या उसाच्या फडावरची एक बाई माझ्याकडे ताडपत्री घ्यायला आली होती. कोपीच्या मापापेक्षा तिला हातभर जास्त हवी होती. त्या हातभरासाठी ती माझ्याशी तासभर भांडली, आणि मी तिला ती दिली नाही. एवढ्याचं ही करते काय, म्हणून दोन दिवसांनी माल पोचवायला गेलो असताना मुद्दाम तिच्या कोपीत डोकावलो. माझ्याकडून न मिळालेली पट्टी तिने जुन्या पोत्याची जोडली होती. आत वळवून वर धान्य ठेवलं होतं.

"नाही पाहिलं," मी बाईंना म्हणालो.

"असं," बाई म्हणाल्या, आणि अंथरुणाला दोरी बांधू लागल्या.

त्या काही बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. सरांना जाऊन सांगितलं असतं तरी भांडलो असतो, मला ते येतं. पण शिबिर संपेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. उतरताना मोठं पातेलं मी घेतलं. का घेतलं म्हणून कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी माहितीपत्रकात माझं नाव छापून आलं. सरांनी एक प्रत दुकानात आणून दिली. मी ती बायकोला दाखवली, मग गल्ल्याखाली ठेवली. भिंतीवर लावायची असं ठरवलं होतं, ते राहून गेलं. सरांवरचा राग मात्र गेला नाही. युक्ती स्वतःची म्हणाले हे मी सोडून दिलं असतं. सगळ्यांसमोर 'सुचलं कसं' विचारलं, ते सुटत नाही.

त्याच हंगामात, उसाच्या गाड्या सुरू झाल्यावर, फडावरच्या दोन बाया दुकानात आल्या. आधीची नव्हती. तिची टोळी कुठे गेली ते यांना माहीत नव्हतं. यांनीही माप सांगून वर म्हटलं, "आन् हातभर जादा द्या, दादा."

मी माप टाकलं, हातभर पुढे सरकवलं आणि कापलं. पैसे मापाचेच सांगितले, वरच्या हातभराचे नाही.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने ताडपत्री उजेडात धरली, उलटसुलट केली, कड ओढून बघितली.

"कापड खराब हाय का ओ?"

"खराब असेल तर तोंडावर आणून टाक माझ्या!" मी ओरडलो.

तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. तिने ताडपत्रीची घडी केली, डोक्यावर घेतली आणि दोघी मांजरीच्या रस्त्याला लागल्या.