अर्बाबच्या खोलीत जे बोललो

दर शुक्रवारी चर्चमध्ये मी आमच्या मराठी मुलांचा बायबलचा वर्ग घ्यायचो. त्या आठवड्यात धडा होता शत्रूने वेढलेल्या शहराच्या राजाचा आणि त्याच्या संदेष्ट्याचा. मुलांना म्हटलं, "संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा जोशी नव्हे. जे कोणी बोलत नाही ते राजाच्या तोंडावर बोलायचं, हे त्याचं काम." राजा त्याला गुपचूप बोलावून सल्ला विचारतो, पण दरबाऱ्यांच्या भीतीने मानत नाही. वर सांगतो, हे कुणाला कळू देऊ नकोस. मग दरबारी विचारायला येतात तेव्हा संदेष्टाही खरी गोष्ट लपवतो.

"अंकल, तो प्रॉफेट आहे ना, मग लपवलं कशाला?" एका मुलीने विचारलं.

"जीव वाचवायला," म्हणालो आणि पान उलटलं.

इथे आखातात, वादी कबीरमधल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी फोरमन. मालकाला इथे अर्बाब म्हणतात. मागे कोरडी वादी, म्हणजे डोंगरातून येणारी नदीची वाट. तिच्या अगदी काठावर अर्बाबच्या मेहुण्याने कामगारांसाठी पत्र्याच्या केबिन टाकल्या होत्या. मॅनेजर तोच.

सोमवारी पावसाचा इशारा आला, शाळांना दुसऱ्या दिवसाची सुट्टी जाहीर झाली. अर्बाबने मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं.

"तू इथला सगळ्यात जुना. खरं सांग, पाणी येईल?"

"येईल, अर्बाब. डोंगरात पडलं की इथे थेंब नसला तरी वादी भरून येते. माणसं आजच हलवा. वर ऑफिसात राहतील."

त्याने ऑर्डरचा कागद माझ्यापुढे सरकवला. "उद्या माल द्यायचाय. काम थांबवलं तर मेहुणा घरभर सांगेल, म्हातारा ढगांना घाबरला. इन्शाल्ला, काही होणार नाही." मी उठलो तेव्हा म्हणाला, "हे आपल्या दोघांतच राहू दे."

बाहेर मेहुणा उभाच होता. "एवढा वेळ काय चाललं होतं?"

माझी मुलगी बारावीला होती. माझ्या व्हिसाचं काम या मेहुण्याच्याच हातात. "रजा मागत होतो," मी म्हणालो. "आईला बरं नाही."

मंगळवारी दुपारी डोंगर काळे झाले. श्रीवर्धनचा एक वेल्डर होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ट्रकवर माल चढवता चढवता त्याने विचारलं, "काका, सामान वर आणून ठेवू का?" मेहुणा दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"आधी माल चढू दे," मी म्हणालो.

पाणी आलं ते आवाजासकट. वेल्डरच्या केबिनमध्ये त्याचा सोबती तापाने फणफणून पडला होता. हा धावला. मी ओरडलो, पण तोवर तो केबिनमध्ये शिरला होता. सोबत्याला त्याने छपरावर ढकललं. स्वतः चढत असताना केबिनच जागची हलून वाहायला लागली. सोबती पुढे एका बाभळीला अडकून वाचला. वेल्डर दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाखाली सापडला.

त्याचा थोरला भाऊ इथेच सोहारला नोकरीला होता, तो आला. दफन झाल्यावर कबरस्तानाच्या भिंतीपाशी त्याने मला विचारलं, "तिथून हला म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं?"

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "अर्बाबला सांगितलं होतं. तुझ्या भावाने विचारलं तेव्हा त्याला नाही सांगितलं."

मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. त्याने फक्त हाताची माती पुसली आणि गाडीत जाऊन बसला.

पोलिसांपुढे मी हेच बोललो. अर्बाबने नाकारलं नाही. मेहुणा म्हणाला, याने तर रजा मागितली होती. केबिन उचलल्या गेल्या, कामगारांना वरच्या रस्त्यावर खोल्या मिळाल्या. मला कुणी काढलं नाही. अर्बाब आता माझ्याशी सगळ्यांदेखतच बोलतो, तेही कामापुरतं.

त्या भावाला मी दर ईदला फोन करतो. रिंग पूर्ण वाजते. तो उचलत नाही, माझा नंबर ब्लॉकही करत नाही.