कोपऱ्यातला मुका डायलॉग बॉक्स

“मॅडम, पोरगी गुणी आहे, पण तिच्यानं हे काम होऊन नाई राहिलं,” काळे साहेब फोनवर म्हणाले. अकोल्यातल्या एका खासगी हॉस्पिटलचे ते अॅडमिनिस्ट्रेटर. “सोमवारपासून तिले टेलिफोनवर बसवतो.”

पोरगी म्हणजे रजिस्ट्रेशन काउंटरवरची अश्विनी. तिला दिसत नाही. मलाही दिसत नाही. ती स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो मीच तिला बसवून दिला होता, आणि अमरावतीला बसून मी त्याच्या स्क्रिप्ट लिहिते. एखादं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरशी नीट बोलत नसेल, तर छोटा प्रोग्राम लिहून दोघांची दिलजमाई करायची, हा माझा धंदा.

टेलिफोनची जागा कंत्राटी होती. काउंटरची पर्मनंट व्हायच्या बेतात. आंधळं माणूस दिसलं की त्याच्या हातात रिसीव्हर द्यायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. माझं डोकं फिरलं.

“तक्रार काय आहे साहेब?”

“दोन आहेत. एकाच पेशंटच्या दोन-दोन फायली करते. अन् आठ दिवसांपासून तर एन्ट्र्या सेव्हच होऊन नाई राहिल्या.”

“अन् दोन्ही तिच्याच चुका, हे कोणी ठरवलं?”

“मंग कोणाच्या? बाकी काउंटरवर तर काही लफडं नाई.”

“मी येऊन पाहतो. तोवर तिले उठवू नका,” म्हटलं आणि सकाळची एसटी धरली.

अश्विनीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. पलीकडच्या काउंटरवर वंदनाताई. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या आश्रमात आठवडाभर सेवेला गेल्या होत्या, त्याच दिवशी कामावर परतल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

अश्विनीनं नाव टाईप केलं, मोबाइल नंबर टाकला, सेव्ह केलं. झालं की सेव्ह! दुसरा पेशंट, तोही सेव्ह. काळे साहेब मागे उभे होते. “आता कसं होऊन राहिलं बापा?” ते पुटपुटले.

तिसऱ्या पेशंटच्या वेळी मला क्लिक ऐकू आली. माउसची, आणि आमच्याच टेबलावरची. आम्ही माउस वापरत नाही, सगळं कीबोर्डवरच चालतं. अश्विनीचे दोन्ही हात कीबोर्डवर होते.

“ही क्लिक कोणी केली?”

वंदनाताई म्हणाल्या, “मीच जी. कोपऱ्यात तो डब्बा येते ना, तो इथूनच हात लांबवून बंद करून देतो मी. पोरीले कायले तरास?”

“कोणता डब्बा?” अश्विनीनं विचारलं.

सगळं तिथंच उलगडलं. टाकलेल्या मोबाइल नंबरवर आधीच एखादा पेशंट असेल, तर सॉफ्टवेअर कोपऱ्यात डायलॉग बॉक्स उघडायचं: ‘हाच तो पेशंट का? होय / नाही.’ डोळसाला तो दिसतो. पण स्क्रीन रीडर बोलतो ते फोकस जिथं असेल तिथलं. फोकस म्हणजे आपण दाबलेली अक्षरं जिथं जाऊन पडतात ती जागा. हा बॉक्स फोकस घेतच नव्हता. म्हणून स्क्रीन रीडर गप्प, आणि अश्विनीला पत्ताच नाही. वंदनाताई दर वेळी ‘नाही’ दाबायच्या, की पेशंटची दुसरी फाईल तयार. त्या मोझरीला गेल्या, बॉक्स उत्तराची वाट पाहत बसला आणि सेव्ह अडलं.

“माह्यामुळं पोरीची नोकरी जाऊन राहिली होती काय?” वंदनाताईंनी विचारलं. मला त्यांचा राग आला होता, पण त्यांचा प्रसाद मी खाल्ला होता.

दुपारी स्क्रिप्ट लिहायला घेतली. नवी खिडकी उघडली की विंडोज तशी वर्दी देतं. ती वर्दी ऐकायची आणि बॉक्स ओळखायचा. पहिल्या खेपेला मी बॉक्स येताच फोकस उचलून थेट ‘होय’च्या बटनावर नेला. सुटसुटीत वाटलं. खोट्या पेशंटवर चाचणी घेतली. अश्विनी पत्ता टाईप करत होती, मध्येच बॉक्स आला, आणि पत्त्यातली स्पेस जाऊन बटनावर बसली. ‘होय’ दाबलं गेलं!

“मॅडम, मले न विचारता कुठीबी नेऊ नका,” ती तडकली. “फक्त सांगा. मी जाईन माही माही.”

बरोबर होतं तिचं. स्क्रिप्ट बदलली. आता बॉक्स आला की आधी बीप, मग प्रश्न वाचला जातो, आणि फोकस असतो तिथंच राहतो. बॉक्समध्ये जायला एक शॉर्टकट दिला. तिला जेव्हा जायचं तेव्हा ती जाईल.

सोमवारी मी पुन्हा तिथंच बसले होते. काउंटरवर ही गर्दी. एका म्हाताऱ्या काकाजींचा नंबर टाकला आणि बीप वाजली. वंदनाताईंच्या बांगड्या माउसकडे सरकल्या.

“राहू द्या ताई,” अश्विनी म्हणाली, “मले विचारून राहिलं ते.” मग काकाजींना म्हणाली, “तुमी अगोदर आले होते काय इथं?”

“हाव ना. दिवायीत आल्तो, छातीच्या दुखण्यासाठी.”

तिनं ‘होय’ दाबलं. जुनी फाईल उघडली, दिवाळीतल्या ईसीजीसकट. मागे काळे साहेब खाकरले. “टेलिफोनवर दुसरं कोणी पाहतो मी,” एवढंच म्हणाले. मला मात्र टाळी वाजवावीशी वाटली.

पर्मनंटची ऑर्डर अजून यायची आहे, पण अश्विनी काउंटरवर आहे. मी मात्र एक सवय लावून घेतली आहे. नव्या ऑफिसात गेले, की सॉफ्टवेअर तपासायच्या आधी शेजारच्या टेबलावरची माणसं किती प्रेमळ आहेत, ते तपासते.