पानाईले नखपॉलिश लावणारी बाई

बाईच्या सोताच्या नखाले कधी रंग दिसला नाई, पण रुईच्या पानाईले रोज नखपॉलिश. गोंडपिपरीच्या बाजारात ते शिशी आणाले मीच जाओ. दुकानदार हासे, अन घरी बायको विचारे, "कोणाच्या नखासाठी?" रुईसाठी म्हटलं त दोन दिवस बोललीच नाई. तिले वाटलं रुई कोणा बाईचं नाव आहे.

कॉलेजात झाडाईचं शास्त्र शिकवून रिटायर झाल्यावर बाईनं आमच्या गावात खोली केली. तिले दम्याचा आजार होता. चार पावलं चालली का थांबे. गावाबाहेरच्या उघड्या बरडावर, रुईजवळ बसून काम करे. मले ठेवलं होतं छत्री धराले. याच्याहून अवघड काम मले जमन, असं गावात कोणी म्हणतबी नाई.

बाई पानाची पांढरी लव फडक्यानं पुसे, पॉलिश लावे, वाळलं का पानाचा ठसा उठलेला पापुद्रा काढून, बारीक ते मोठं दाखवणाऱ्या दुर्बिनीखाली धरे. "गणपत, पानाले बारीक तोंडं रायतात. त्यातूनच श्वास, अन त्यातूनच पाणी उडते. वाळवंटातबी रुई तगते, तोंड मिटून. पानात साखर भरली का तोंड मिटते का, तेवढं मले जाताजाता पाहाचं आहे." मी पाहिलं. पानभर ओठच ओठ. मले माही सासूच दिसली. तसं बोललोबी. बाई हासली अन हासता हासता दम लागून खाली बसली.

एक फांदी साध्या पाण्याच्या बाटलीत, एक साखरपाण्याच्या. एकदा साखर सरली त मी माहा उरलेला चहाच ओतला. त्यातबी साखरच असते ना! मुंग्याईनं बाटलीवर जत्रा भरवली. बाई रागावली नाई. म्हणे, "रुईले चहा पाजणारा तूच पहिला. पण जे केलं ते सांगितलं, हे बेस." मंग नेहमीचं बोलली, "आपल्याले पाहिजे ते नाई, दिसते ते सांगाचं."

उन्हाळ्यात बाईले चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. जाता जाता म्हणे, "बाटल्या लावून पाह्य, अन मले येऊन सांग."

मी लावल्या, मोजून साखर टाकली. पापुद्रा काढून दुर्बिनीत पाहिलं, मंग काच पुसून फिरून पाहिलं. साखरवाल्या पानाची तोंडं उघडीच होती.

बसमध्ये मी रस्ताभर 'मिटली बाई, मिटली' असंच घोकत गेलो. फेकण्यात माहा हात धरणारा तालुक्यात नाई. मरत्या माणसासाठी एक फेकली त काय बिघडते?

बाईच्या तोंडावर ऑक्सिजनची टोपी होती. तिनं ते वर केली. "मिटली?"

मी तोंड उघडलं, अन फेकताच आलं नाई. "उघडी होती, बाई. साध्या पाण्याच्यापेक्षाबी जास्त."

बाईनं डोळे मिटले. मले वाटलं, मीच मारलं. मंग हळूच म्हणे, "म्हंजे माहा अंदाज चुकला. नाई त साखर कमी पडली. गंमत आहे ना? लिहून ठेव."

"मले लिवता कुठी येते, बाई?"

"मंग ध्यानात ठेव."

त्याच हप्त्यात बाई गेली.

चहाच्या टपरीवर आता मी सांगतो, साखर पाजूनबी रुईनं तोंड उघडंच ठेवलं होतं. पोट्टे म्हणतात, "गणपतभाऊ फेकून राह्यला." म्हणू द्या. बाईनं मले एकदाबी विचारलं नाई, खरं सांगून राह्यला का म्हणून.