दोन अक्षरी शब्द

कर्जतच्या शाळेत मी मराठी शिकवते. माहेर पुण्याचं, लग्नानंतर दहिवलीत आले. शिक्षकांच्या खोलीत रोज वर्तमानपत्र येतं आणि त्यातलं शब्दकोडं मधल्या सुट्टीत मी सोडवायचं, हा जणू नियमच होता. सोडवून झालं की फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा. अंगठे यायचे, ते मला आवडायचे.

चहा आणणाऱ्या शिपाई मावशींना कोडं ऐकायचा नाद होता. शिक्षण चौथीपर्यंत, पण ट्रे हातात धरून विचारायच्या, “आज काय अडलंय, बाई?” मी शोधसूत्र वाचून दाखवायचे आणि लगेच उत्तरही सांगून टाकायचे. त्यांना विचार करायला कधी वेळ दिला नाही.

गेल्या जूनमध्ये एक सूत्र आलं. ‘भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन, अक्षरे दोन.’ पहिलं अक्षर ‘रा’ आलेलं होतं. मी ‘रान’ लिहिलं. जमीन म्हणजे रान, असा ओढूनताणून अर्थ लावला.

मावशी म्हणाल्या, “रान नाय, बाई. राब.”

“राब?”

“पालापाचोळा, शेण पसरायचं नि जाळायचं. मग त्यावर रोप टाकायचं. कळंबला माझ्या माहेरी अजून करतात.”

खोलीत चार शिक्षक होते. दारात माझ्या वर्गातल्या दोन मुली वह्या घेऊन उभ्या होत्या. मी हसले. “मावशी, राब म्हणजे राबणं. तुमच्या गावात म्हणत असतील, पण कोड्यात पुस्तकातले शब्द असतात.” एकजण हसले, म्हणून मुलीही हसल्या. मावशींनी कप गोळा केले. “असंल. आमी अडाणी,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं. राब. घरी जाऊन शब्दकोश उघडला, तर त्यातही होता. भाषा शिकवण्याचा पगार घेते आणि भाताच्या तालुक्यात बारा वर्षं राहून मला तो शब्द ठाऊक नव्हता. तरी हे एवढं चाललं असतं. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत, त्या दोन मुली वह्या न्यायला आल्या असताना, मावशींनी विचारलं, “बाई, कालचं काय निघालं?” आणि मी मान वर न करता म्हणाले, “रानच होतं.”

ग्रुपवरचा फोटो मी पुसून टाकला. मावशींनी त्यानंतर कोड्याबद्दल विचारलं नाही. चहा ठेवायच्या आणि निघून जायच्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा त्या एकट्याच व्हरांड्यात सापडल्या. मी म्हटलं, “मावशी, तुमचा शब्द बरोबर होता. मी खोटं सांगितलं.”

त्या झाडू थांबवून म्हणाल्या, “ठाऊक हाय.”

“कसं?”

“पेपर मीच आवरते ना. वाचलं हळूहळू. त्याच दिवशी.”

“मग तुम्ही मला विचारलंत ते...”

“वाचून झाल्यावरच इचारलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “वाटलं, तुमीच सांगाल.”

मला खाली बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. “तेव्हाच मला बोलायचं होतंत.”

“पोरींच्या देखत? तुमी त्यांच्या बाई हाय.”

मी माफी मागितली. त्या ‘असूं द्या’ म्हणाल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. “सरा जरा,” म्हणाल्या, “पायाखाली कचरा हाय.” मी सरले.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला मी त्या दोन मुलींसह सगळ्या वर्गाला ही हकीकत सांगितली, माझ्या खोटेपणासकट. वर्गात कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी फक्त म्हणाली, “बाई, राब तर आम्हा सगळ्यांना माहीत आहे.”